कुटुंबवैद्याचे विद्यादान
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. समाजातील उदार मंडळींनी गावोगावी पाठशाळा काढल्या, विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभारली, धर्मादाय दवाखाने चालविले, ते याच शिकवणुकीतून. व्यवहाराच्या सोयीसाठी प्रत्येक दानाचा निधी निराळा, समिती निराळी आणि बहुधा इमारतही निराळी असते. तथापि औषधदान आणि शास्त्रदान ही दोन्ही एकाच खोलीत, एकाच घटकेला, एकाच माणसाच्या हातून घडू शकतात. फॅमिली डॉक्टर रुग्णाची नाडी पाहत आहेत आणि शेजारच्या स्टुलावर वैद्यकाचा एक विद्यार्थी बसला आहे, असे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. पूर्वी काही दवाखान्यांतून ते दिसत असे. आता ते दुर्मिळ झाले आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय आहे तो त्या स्टुलाचे महत्त्व ओळखून आपले आयुष्य त्यासाठी वेचणाऱ्या एका डॉक्टरांचा.

त्यांचे नाव डॉ. इयन मॅकव्हिनी. हे नाव येथे फारसे कोणाच्या परिचयाचे नसेल, आणि त्यात नवल नाही. त्यांनी कोणते औषध शोधले नाही आणि कोणतीही शस्त्रक्रिया त्यांच्या नावाने ओळखली जात नाही. ते साधे जनरल प्रॅक्टिशनर होते. परंतु फॅमिली डॉक्टरजवळ जे ज्ञान असते त्याला विद्यापीठात मानाचे आसन मिळाले पाहिजे, हे त्यांनी प्रथम स्वतःला आणि मग जगाला पटवून दिले.

त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९२६ रोजी इंग्लंडमधील लँकेशर परगण्यातील बर्न्ली या गावी झाला. केंब्रिजचे क्लेअर कॉलेज आणि लंडनचे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय येथे त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. पुढे शेक्सपिअरचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथे त्यांनी सुमारे १४ वर्षे जनरल प्रॅक्टिस केली. केंब्रिजचा पदवीधर लहान गावात दवाखाना चालवितो, हे त्या काळी बुद्धीचा अपव्यय मानले जात असे.

या समजुतीची मुळे खोल होती. इंग्लंडमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. रुग्णालये तज्ज्ञांची झाली आणि जनरल प्रॅक्टिशनर रुग्णालयाच्या दाराबाहेर राहिला. १९५० साली डॉ. जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी इंग्लंडमधील अनेक दवाखाने स्वतः पाहून 'लॅन्सेट' या नियतकालिकात जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात कित्येक दवाखान्यांची अवस्था लाजिरवाणी असल्याचे स्पष्ट लिहिले होते. चर्चिल यांचे वैद्य म्हणून गाजलेले लॉर्ड मोरन यांनी तर १९५८ साली एका शाही आयोगापुढे अशा आशयाची साक्ष दिली की, तज्ज्ञ होण्याच्या शिडीवरून जे घसरतात ते जनरल प्रॅक्टिसमध्ये येतात. हे वाक्य इंग्लंडमधल्या सामान्य डॉक्टरांना फार लागले. आपल्याकडेही 'नुसता एमबीबीएस' हा शब्दप्रयोग लग्नाच्या बोलणीपासून बँकेच्या कर्जापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. लॉर्ड मोरन यांना दोष देताना त्याचेही स्मरण असावे.

मॅकव्हिनी यांच्या जन्मगावाचा उल्लेख आला तो सहज नव्हे. याच बर्न्लीमध्ये त्यांच्या जन्मापूर्वी एक थोर जनरल प्रॅक्टिशनर होऊन गेले होते. सर जेम्स मॅकेन्झी हे १८७९ ते १९०७ अशी २८ वर्षे कापडगिरण्यांच्या या गावात डॉक्टर होते. त्यांच्या ओळखीची एक तरुण स्त्री प्रसूतीच्या वेळी हृदय कमकुवत होऊन दगावली. तिच्या हृदयाच्या दुखण्याचा धोका आधी का ओळखता आला नाही, या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले आणि नाडीचा अभ्यास करू लागले. नाडीच्या लहरी कागदावर उमटविणारे 'पॉलीग्राफ' हे यंत्र त्यांनी स्थानिक घड्याळजीच्या मदतीने सुधारून घेतले. यंत्राहून मोठी गोष्ट होती ती त्यांची चिकाटी. ज्यांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकतात अशा माणसांना त्या काळी हृदयविकारी समजून अंथरुणाला खिळवून ठेवीत. मॅकेन्झी त्याच माणसांना वर्षानुवर्षे पाहत राहिले. कोणी गिरणीत काम करीत होते, कोणाला मुले झाली, कोणी सुखाने म्हातारे झाले. ठोका चुकण्याचे पुष्कळ प्रकार निरुपद्रवी असतात, हे सत्य जगाला कळले ते अशा रीतीने.

हे सत्य मोठ्या रुग्णालयाला का सापडले नाही? कारण रुग्णालयात रुग्ण येतो, पंधरा दिवस राहतो आणि निघून जातो. त्याचे वीस वर्षांनी काय झाले, हे तेथे कोणालाच ठाऊक नसते. मॅकेन्झी पुढे लंडनला गेले, हृदयरोगाचे अधिकारी तज्ज्ञ म्हणून गाजले, त्यांना 'सर' हा किताब मिळाला. पण रोगाचा आरंभ तज्ज्ञाच्या दृष्टीस पडत नाही, तो केवळ गावातील डॉक्टरला दिसतो, ही त्यांची खात्री दिवसेंदिवस दृढ होत गेली. लंडनमधली मोठी प्रॅक्टिस सोडून १९१९ साली त्यांनी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे, स्थानिक जनरल प्रॅक्टिशनरांना सोबत घेऊन, रोगाच्या प्रारंभीच्या लक्षणांचा अभ्यास करणारी संस्था काढली. १९२५ साली त्यांचे निधन झाले आणि काही काळाने संस्थाही मावळली. गुरू होता, विद्या होती, पण शिष्यपरंपरा उभी राहिली नाही. मॅकव्हिनी यांच्या कार्याची थोरवी समजण्यासाठी ही कथा आवश्यक आहे. मॅकेन्झींच्या हातून जे राहिले, तेच त्यांनी पुढे हाती घेतले.

१९६४ साली मॅकव्हिनी यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नावच मुळी 'आजाराची प्रारंभीची चिन्हे' अशा अर्थाचे आहे. दवाखान्यात येणारा आजार पाठ्यपुस्तकातल्यासारखा नीटनेटका नसतो. 'अंगात कसकस आहे', 'करमत नाही', 'जेवण जात नाही' अशा भाषेत तो बोलतो. त्याला अजून नाव पडलेले नसते. पुष्कळदा ते कधीच पडत नाही, आणि माणूस बरा होतो. या धूसर प्रदेशात वावरण्याची एक शिस्त असते, ती शिकविता येते, हा त्या पुस्तकाचा आशय.

त्यानंतर मॅकव्हिनी यांनी अमेरिकेचा अभ्यासदौरा केला. परत आल्यावर १९६६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लेख लिहिला आणि जनरल प्रॅक्टिस ही विद्यापीठीय विद्याशाखा आहे असा दावा मांडला. एखाद्या विषयाला विद्याशाखा म्हणावयाचे तर त्याला स्वतःचे कार्यक्षेत्र हवे, स्वतःचा ज्ञानसंचय हवा, संशोधन हवे आणि बुद्धीची कसोटी पाहणारे प्रशिक्षण हवे. ही चारही अंगे आपल्या व्यवसायात आहेत किंवा निर्माण करता येतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. जगातील जनरल प्रॅक्टिसचे पहिले प्राध्यापकपद एडिंबरा विद्यापीठात १९६३ साली निर्माण झाले होते. तेव्हा हा विचार अगदी एकाकी नव्हता, पण त्याला इतका नेमका आकार यापूर्वी क्वचितच मिळाला असेल.

येथे एका अमेरिकन अभ्यासाची ओळख करून देणे योग्य ठरेल. १९६१ साली डॉ. कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. हजार प्रौढ माणसे घेतली, तर एका महिन्यात त्यांपैकी किती आजारी पडतात आणि ती कोठे जातात? उत्तर असे आले : १,००० पैकी सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे होते. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविले जाते आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पाठविला जातो तो केवळ १. वैद्यकाचे विद्यार्थी शिकतात ते या शेवटच्या एका रुग्णाच्या खाटेभोवती उभे राहून. उरलेल्या २४९ जणांशी कसे बोलावे आणि त्यांच्यासाठी काय करावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. पदवी घेऊन तो दवाखाना उघडतो आणि पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर तेच २४९ जण येऊन बसतात.

१९६८ साली कॅनडातील वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठाने मॅकव्हिनी यांना बोलाविले. हे विद्यापीठ ज्या शहरात आहे त्याचेही नाव लंडनच, म्हणून अनेकांचा गोंधळ होतो. तेथे ते कॅनडातील फॅमिली मेडिसिन या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले. त्यासाठी चौदा वर्षांची स्थिरावलेली प्रॅक्टिस आणि ओळखीची कुटुंबे मागे ठेवून, वयाच्या बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, परक्या देशात जावे लागले. ज्या डॉक्टरने रुग्णाशी दीर्घकाळच्या नात्याला सर्वांत अधिक महत्त्व दिले, त्यालाच ते नाते शिकविण्यासाठी आपली माणसे सोडावी लागली. या निर्णयाची किंमत फॅमिली डॉक्टरला अधिक चांगली कळेल.

विभागप्रमुख म्हणून १९८७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन दशके त्यांनी जे उभे केले त्याचे मर्म असे की, शिकविण्याचे ठिकाण हे प्रत्यक्ष चालता दवाखाना असले पाहिजे. तेथे खरी कुटुंबे येतात आणि पुन्हा पुन्हा येतात. वॉर्डातील विद्यार्थी रुग्णाला एकदा पाहतो. येथे त्याला तोच रुग्ण आठवड्याने परत दिसतो आणि आपला अंदाज खरा होता की खोटा, हे कळते. परत आलेल्या रुग्णासारखा परीक्षक नाही, आणि गुण देताना तो कोणाची भीडही धरीत नाही.

विद्यार्थ्यांना ते काय शिकवीत, हे त्यांच्या लेखनातून स्वच्छ दिसते. त्यांचे 'फॅमिली मेडिसिन'चे पाठ्यपुस्तक १९८९ साली निघाले. पाठ्यपुस्तक म्हटल्यावर रोगांची यादी अपेक्षित असते. या पुस्तकाच्या प्रारंभी फॅमिली डॉक्टरची तत्त्वे आहेत. पहिले तत्त्व असे की, या डॉक्टरची बांधिलकी व्यक्तीशी असते. एखाद्या रोगाशी, अवयवाशी किंवा यंत्राशी नसते. तज्ज्ञ म्हणू शकतो, 'हे माझ्या विषयात बसत नाही.' फॅमिली डॉक्टरला हे वाक्य उच्चारण्याची सोय नाही. दुखणे संपले म्हणून नाते संपत नाही, आणि कित्येकदा दुखणे सुरू होण्यापूर्वीच नाते जुळलेले असते. आणखी एक तत्त्व असे की, डॉक्टरने रुग्णांच्याच वस्तीत राहावे, आणि रुग्णाला त्याच्या घरी जाऊन पाहावे. घरात गेल्यावर जे दिसते ते केसपेपरवर येत नाही. जिना किती चढणीचा आहे, औषधाच्या गोळ्या कोणाच्या ताब्यात आहेत, म्हाताऱ्या आईशी कोण बोलते आणि कोण बोलत नाही, हे सारे पाहण्यासाठी उंबरा ओलांडावा लागतो. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांची 'व्हिजिट' म्हणजे हेच होते. व्हिजिटची बॅग हातात घेऊन मागोमाग चालणारा कंपाउंडर कित्येक गोष्टी पुस्तकावाचून शिकत असे.

केवळ सहृदयता म्हणजे फॅमिली मेडिसिन, असा समज मात्र होऊ नये. मॅकव्हिनी यांचा आग्रह बुद्धीच्या शिस्तीचा होता. एक उदाहरण घेऊ. समजा एखादी तपासणी शंभर रोग्यांपैकी ९० जणांत रोग पकडते, आणि शंभर निरोगी माणसांपैकी १० जणांना चुकून रोगी ठरविते. तज्ज्ञाकडे आलेल्या १०० माणसांत ५० जणांना खरोखर रोग आहे. तेथे ४५ जणांचा रोग पकडला जाईल आणि ५ निरोगी माणसे चुकून रोगी ठरतील. म्हणजे रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला तर तो शंभरात नव्वद वेळा खरा. आता हीच तपासणी गल्लीतल्या दवाखान्यात १,००० माणसांवर केली आणि त्यांत केवळ १० जणांना रोग असला, तर काय होईल? रोग पकडला जाईल ९ जणांचा, आणि चुकून रोगी ठरतील ९९ निरोगी माणसे. एकूण १०८ 'पॉझिटिव्ह' रिपोर्टांपैकी खरे अवघे ९. तपासणी तीच, यंत्र तेच, पण अर्थ पार बदलला. रुग्णालयात शिकलेला तरुण डॉक्टर हे न जाणता दवाखान्यात बसला, तर निष्पाप माणसांना भीतीच्या, खर्चाच्या आणि क्वचित शस्त्रक्रियेच्याही खाईत लोटतो. अहिंसेचा विचार करणाऱ्या समाजाने हिंसेच्या या प्रकाराचीही नोंद घ्यावी. येथे कोणाचाही हेतू दुष्ट नसतो.

अशा वेळी अनुभवी फॅमिली डॉक्टर जवळचे सर्वांत स्वस्त साधन वापरतो. ते म्हणजे काळ. 'दोन दिवसांनी दाखवायला या' या वाक्यात आळस नसतो. त्यात काय घडण्याची अपेक्षा आहे, काय घडले तर धोका समजावा आणि कोणत्या लक्षणाला दोन दिवसही थांबू नये, याचा पुरा हिशेब असतो. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने 'का थांबलात?' असे विचारले, तर तो हिशेब डॉक्टरला शब्दांत मांडावा लागतो. न विचारल्यास तो हिशेब डॉक्टरच्या मनातच राहतो.

विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी या अव्यक्त ज्ञानाविषयी जे लिहिले, त्याचा मॅकव्हिनी यांच्यावर प्रभाव होता. माणसाला जितके सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, असा त्या विचाराचा मथितार्थ. असे ज्ञान ग्रंथातून उतरत नाही, ते सहवासातूनच येते. दुसरा प्रभाव डॉ. मायकेल बालिंट यांचा. १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ते जनरल प्रॅक्टिशनरांचे लहान गट भरवू लागले. डॉक्टर आपापल्या अवघड रुग्णांविषयी बोलत, आणि त्या रुग्णापुढे स्वतःच्या मनात काय उमटले तेही सांगत. अमुक बाई आली की चीड का येते? तमुक गृहस्थांना वाईट बातमी सांगणे का टाळले गेले? १९५७ साली बालिंट यांचे पुस्तक निघाले आणि जगभर असे गट स्थापन झाले. आलोचना आणि प्रतिक्रमण ज्यांच्या नित्यक्रमात आहे त्यांना या गटांचे प्रयोजन वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच विचारातून मॅकव्हिनी यांच्या विभागात रुग्णकेंद्री तपासणीची पद्धत घडली. १९८० नंतरच्या काळात दक्षिण आफ्रिकेतील जनरल प्रॅक्टिशनर डॉ. जोसेफ लेव्हनस्टाईन तेथे पाहुणे प्राध्यापक म्हणून आले. त्यांनी आपल्या अनुभवातून रचलेली मांडणी विभागातील मोइरा स्ट्युअर्ट, ज्युडिथ बेल ब्राऊन, वेन वेस्टन आदी सहकाऱ्यांनी पुढे विकसित केली. विद्यार्थ्याने रोगाचा शोध घ्यावाच, पण त्याबरोबर चार गोष्टी जाणून घ्याव्यात. रुग्णाला कशाची भीती वाटते? हे दुखणे कशाने झाले असे त्याला वाटते? त्याच्या रोजच्या कामात कोठे अडते आहे? डॉक्टरकडून त्याची अपेक्षा काय आहे? प्रश्न पोरकट वाटण्याइतके सोपे आहेत. तथापि डोके दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या मनात 'भावाला असेच दुखत होते आणि तो गेला' ही धास्ती असेल, तर ती बाहेर आल्याशिवाय कोणतीही गोळी त्याला लागू पडणार नाही. मॅकव्हिनी नकाशाची उपमा वापरीत. रोगाचे नाव हा नकाशा आहे आणि रुग्णाचा प्रत्यक्ष अनुभव ही भूमी आहे. नकाशावाचून वाट चुकते, पण नकाशालाच गाव समजणाऱ्याला गावातली माणसे दिसत नाहीत.

हे ऐकताना अनेकांच्या मनात अनेकान्ताचा विचार आला असेल. मॅकव्हिनी यांची मांडणी जैन दर्शनातून आलेली नाही, तेव्हा ओढूनताणून नाते जोडण्याचे कारण नाही. मात्र स्वाध्यायाच्या पाच अंगांशी ताडून पाहिले, तर वैद्यकीय शिक्षणातील उणीव चटकन ध्यानी येते. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश ही ती पाच अंगे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत वाचना भरपूर आहे, आम्नाय म्हणजे घोकंपट्टी तर त्याहून भरपूर. पृच्छना होते, पण बहुधा परीक्षकच विद्यार्थ्याला विचारतो. अनुप्रेक्षेला, म्हणजे पाहिलेल्या गोष्टीचे शांतपणे चिंतन करण्याला, वेळापत्रकात तासच नाही. दवाखान्यातील त्या स्टुलावर मात्र पृच्छना आणि अनुप्रेक्षा यांनाच प्रथम स्थान असते. नवकार महामंत्रात उपाध्यायांना स्वतंत्र वंदन आहे. उपाध्याय स्वतः अध्ययन करतात आणि इतरांना अध्यापन करतात. ही दोन कामे एकमेकांपासून तोडू नयेत असा त्यातला संकेत असावा. विद्यार्थी जवळ बसू लागला की डॉक्टरलाही पुन्हा पुस्तक उघडावे लागते, हे शिकविणारा कोणताही डॉक्टर सांगेल.

आता आपल्या देशाकडे वळू. १९४६ सालच्या भोर समितीने सर्वसाधारण आरोग्यसेवा देणारा मूलभूत डॉक्टर घडविण्यावर भर दिला होता. पुढे महाविद्यालये वाढली, पण शिक्षण रुग्णालयाच्या भिंतींतच राहिले. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप पुरी करूनही विद्यार्थ्याने कुशल फॅमिली डॉक्टर काम करताना एक दिवसही पाहिलेला नसतो. ज्याला पाहिलेच नाही त्याच्यासारखे व्हावेसे कसे वाटेल? २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक उपक्रम सुरू केला. प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबांशी शिक्षणकाळात सतत संपर्क ठेवावा, अशी त्यात अपेक्षा आहे. कल्पना उत्तम आहे. पण घरी जाऊन काय पाहावे हे दाखविणारा जाणता मार्गदर्शक सोबत नसेल, तर रकाने भरण्यापलीकडे त्यातून फारसे निघणार नाही.

असे जाणते डॉक्टर आपल्या समाजात आहेत. चाळीस-चाळीस वर्षे एकाच पेठेत बसलेले, आजोबांपासून नातवापर्यंत तिन्ही पिढ्यांची प्रकृती तोंडपाठ असलेले. कोणत्या घराण्यात मधुमेह आहे, कोणाला कोणते औषध सोसत नाही, पर्युषणातील उपवासांत कोणाची साखर उतरते आणि रात्रिभोजन-त्याग पाळणाऱ्या वृद्धांना औषधाच्या वेळा कशा जुळवून द्याव्यात, हे त्यांना ठाऊक आहे. मुले परदेशी असतात किंवा सुपरस्पेशालिस्ट झालेली असतात. एके दिवशी दवाखान्याचे शटर खाली येते. फर्निचर विकले जाते, औषधांचे कपाट कोणी घेऊन जाते, आणि चाळीस वर्षांचे ज्ञान घेणारा मात्र कोणी नसतो.

यावर उपाय खर्चिक नाही. आपल्या ट्रस्टसारख्या संस्थांच्या धर्मादाय दवाखान्यात जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संमतीने आठवड्यातून दोन दिवस दोन विद्यार्थी बसू शकतात. निवृत्तीच्या वाटेवरील डॉक्टरांना मानधन देऊन मार्गदर्शक म्हणून निमंत्रित करता येईल. अडचणीही आहेत, त्या झाकून ठेवू नयेत. विद्यार्थी बसला की तपासणीचा वेग मंदावतो, रांग वाढते, लोक कुरकुर करतात. ज्याचे उत्पन्न तासाला किती रुग्ण पाहिले यावर ठरते, त्याला हे परवडत नाही. म्हणून हे काम धर्मादाय दवाखान्याचे आहे. आणखी एक गोष्ट. गाव लहान असते, विद्यार्थी ओळखीच्या घरातला असतो. रुग्णाची आधी परवानगी घेणे, कोणाला, विशेषतः भगिनींना, संकोच वाटल्यास विद्यार्थ्याने निमूट बाहेर जाणे आणि आतले बोलणे बाहेर न नेणे, हा पहिला पाठ असला पाहिजे.

कॅनडात सारे सुरळीत झाले, असा दावाही कोणी करू नये. २०२२ सालच्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार तेथे साठ लाखांहून अधिक प्रौढांना नियमित फॅमिली डॉक्टर नव्हता. विषयाला विद्यापीठात आसन मिळाले तरी तरुणांनी तो निवडावा यासाठी मान, वेळ आणि अर्थार्जन यांची सांगड घालावीच लागते. मॅकव्हिनी यांना याची जाणीव होती. १९९६ साली त्यांनी विल्यम पिकल्स स्मृतिव्याख्यान दिले. पिकल्स हे यॉर्कशरच्या एका खोऱ्यातील खेड्याचे डॉक्टर. १९२९ साली तेथे काविळीची साथ आली, तेव्हा कोण कोणाला कोणत्या दिवशी भेटले याची बारकाईने नोंद ठेवून संसर्गानंतर रोग २६ ते ३५ दिवसांनी प्रकटतो, हे त्यांनी दाखविले. सगळ्या गावाला नावानिशी ओळखणाऱ्या डॉक्टरलाच ते साधले. या व्याख्यानात मॅकव्हिनी यांनी आपल्या सहव्यवसायिकांना सांगितले ते असे की, आपण इतर शाखांहून वेगळे आहोत आणि ते वेगळेपण गमावू नये. इतर शाखा आपली ओळख रोगावरून किंवा तंत्रावरून सांगतात. फॅमिली मेडिसिन आपली ओळख नात्यावरून सांगते.

उतारवयात मॅकव्हिनी यांनी लंडन, ऑन्टारिओ येथील पार्कवुड रुग्णालयात मरणासन्न रुग्णांची सेवा केली. बरे करण्यासारखे काही उरले नाही तेथेही डॉक्टरला काम असते, हे त्यांनी विद्यार्थ्यांना तेथे दाखविले. 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा राष्ट्रीय सन्मान त्यांना लाभला. २८ सप्टेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मपर पुस्तकही प्रसिद्ध झाले. त्यांच्या पाठ्यपुस्तकाची तिसरी आवृत्ती २००९ साली निघाली, तेव्हा विभागातील डॉ. थॉमस फ्रीमन यांचे नाव सहलेखक म्हणून जोडले गेले होते. चौथी आवृत्ती २०१६ साली निघाली. ती फ्रीमन यांनी सिद्ध केली, आणि ग्रंथाच्या नावातच मॅकव्हिनी हे नाव घातले.